माशाला खरचटलंय, मीठ घालू का?

पीएच.डी.साठी मासे सांभाळणाऱ्या माणसाला ओळखीतून एक प्रश्न ठरलेला असतो. आधी फोटो येतो, काचेतून काढलेला, निम्मा फ्लॅशने पांढरा झालेला. गोल्डफिशच्या कुशीवरचे तीन-चार खवले गेलेत, तिथे गुलाबी दिसतंय. मग मेसेज: "लागलंय त्याला. कोणतं औषध घालू? मीठ चालेल?" मी उलट विचारते, टाकीतला अमोनिया किती आहे? यावर बहुतेक जण वैतागतात. माशाला लागलंय आणि ही बाई पाण्याचं विचारतेय.

हा लेख त्या उलट प्रश्नाबद्दल आहे. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी तो मुद्दाम लिहितेय, कारण "मीठ घातलं आणि मासा बरा झाला" या साध्या वाक्यात संशोधनपद्धतीतले बरेच अवघड प्रश्न लपलेले आहेत. आणि यात एक खरा जीवही आहे, ज्याचं आपल्या उत्साहाने नुकसान होऊ शकतं.

आधी हद्द आखून घेऊ. किरकोळ जखम म्हणजे काही खवले निघालेत, पराची कड फाटलीय, किंवा अंग खरचटलंय, पण मासा सरळ पोहतोय आणि खायला पुढे येतोय. मांस उघडं पडलंय, डोळा बाहेर आलाय, कल्ल्यांतून रक्त येतंय, मासा एका कुशीवर पडतोय, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि मासे बघणारा पशुवैद्यक शोधा.

खवला सगळ्यात वर नसतो

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. माशाचं तसं नाही. त्याच्या बाह्यत्वचेच्या अगदी वरच्या पेशीही जिवंत असतात आणि त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. खवले हे या सगळ्याच्या खाली, आतल्या त्वचेतल्या छोट्या खिशांमध्ये रुतलेले असतात. मंगलोरी कौलं एकमेकांवर चढवावीत तसे ते दिसतात हे खरं, पण त्या कौलांवरून आणखी एक पातळ, जिवंत पापुद्रा ताणलेला असतो. म्हणून खवला निघाला की तो पापुद्रा फाटतोच. आपलं नख तुटावं इतकी ती साधी गोष्ट नाही.

आता हा पापुद्रा कशासाठी आहे ते बघा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण साधारण २५० ते ३०० मिलीऑस्मोल असतं. बाहेरच्या पाण्यात त्या मानाने जवळपास काहीच नसतं. बारावीत परासरण शिकलात ते इथे चोवीस तास चालू असतं: पाणी सतत आत घुसतं, क्षार सतत बाहेर झिरपतात. मासा याच्याशी दोन आघाड्यांवर झुंजतो. मूत्रपिंडं भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतात, आणि कल्ल्यांमधल्या खास पेशी पाण्यातले थोडेथोडके क्षार ओढून परत आत घेतात. या दोन्ही कामांना ऊर्जा लागते. त्वचा आणि श्लेष्म हा या व्यवस्थेचा बांध. जखम म्हणजे त्या बांधाला पडलेलं भोक.

भोक लहान असेल तर निरोगी मासा ते सहज निभावून नेतो. पण त्याच वेळी कल्ले आजारी असतील तर? कल्ल्यांना सगळ्यात जास्त कोण छळतं, तर अमोनिया. म्हणून माझा तो वैताग आणणारा प्रश्न.

अमोनियाच्या आकड्याचीही एक गंमत आहे, आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. बाजारातलं टेस्ट किट बहुधा एकूण अमोनिया मोजतं. त्यातला विषारी भाग म्हणजे विद्युतभार नसलेला अमोनिया. अमोनियम आयन त्या मानाने निरुपद्रवी. या दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर एवढाच भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे दोन टाक्यांत किटचा रंग अगदी सारखा आला तरी एकीतला मासा दुसरीपेक्षा जवळपास नऊपट विषात असू शकतो. पीएच न लिहिता अमोनियाचा आकडा लिहिणं म्हणजे गाव न लिहिता पिनकोडचे शेवटचे दोन आकडे लिहिणं.

पहिल्या दिवशी काय करायचं

पाणी तपासायचं. मग साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं. नवं पाणी टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं, त्यात एअर स्टोन सोडला, तर साधा क्लोरीन निघून जातो. पालिका क्लोरामाइन वापरत असेल तर तो असा जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट किंवा दुकानातलं डीक्लोरिनेटर लागतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. त्यावर राहणारे जीवाणूच अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

मग लागलं कशाने ते शोधायचं. हे बहुतेक जण विसरतात. धारदार दगड, प्लास्टिकच्या झाडाची टोकं, फिल्टरचं तोंड जोरात ओढत असणं, किंवा त्याच टाकीतला दादागिरी करणारा दुसरा मासा. सजावटीवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवून बघा. मोजा अडकला तर तिथे पर आणि खवलेही अडकतात. शिवाय अर्धा तास लांब बसून टाकी नुसती बघा. अगदी जवळ उभं राहिलात तर मासे तुमच्याकडे खाणं मागायला येतात आणि मारामारी थांबते. निरीक्षकाच्या असण्याने वर्तन बदलतं हे पुस्तकात वाचायची गरजच उरत नाही.

माशाला जाळीत धरून जखम नीट बघायचा मोह होतो, तो आवरा. जाळीने श्लेष्म खरवडून निघतं, म्हणजे एक जखम बघण्यासाठी तुम्ही अंगभर बारीक जखमा करता. दुसरं कारण वेदनेचं आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. ज्या माशांच्या ओठांत झोंबणारा पदार्थ टोचला होता ते अंग डोलवत राहिले, ओठ खडीवर घासत राहिले आणि बराच वेळ खायला आले नाहीत. माशाला वेदना 'आपल्यासारखी' होते का, यावर आजही वाद आहे. पण विनाकारण हाताळू नये एवढं ठरवायला तो वाद मिटायची वाट बघावी लागत नाही. दुसरे मासे जखमेला टोचत असतील तरच वेगळं करा, आणि तेही पाण्याखाली डबा धरून, माशाला पाण्यासकट उचलून.

हळदीबद्दलही विचारणा होते. आपल्याकडे ती होणारच. माशाला लावलेली हळद काही क्षणांत पाण्यात जाते आणि नंतर तळाशी कुजणारा गाळ होते. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि दुकानदार हातात देतात ती प्रतिजैविकं किरकोळ खरचटण्यासाठी मुख्य टाकीत घालू नयेत. फिल्टरमधले उपयोगी जीवाणू त्यांनी मरू शकतात, अमोनिया वाढतो, आणि ज्या कल्ल्यांना आपण जपतोय त्यांनाच मार बसतो. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू तयार होतात तो भाग वेगळाच.

जखम आपली आपण कशी मिटते

इथे झेब्राफिश येतो. अंगावर निळे पट्टे असलेला हा बोटाच्या पेराएवढा मासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणला आणि १९८१ च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर तो जगभर पसरला. आता जखमा कशा भरतात याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच त्याच्यामुळे.

जर्मनीत कोलोन विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये प्रौढ झेब्राफिशच्या त्वचेवरच्या पूर्ण जाडीच्या जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका दिवसाच्या आत जखम नव्या बाह्यत्वचेने झाकली गेली होती. आपल्याकडे आधी रक्त गोठतं, खपली धरते आणि तिच्याखालून त्वचा सरकते. माशाच्या त्वचेने रक्त गोठायची वाट पाहिलीच नाही. कडेच्या पेशी सरळ सरकत आल्या आणि भोक झाकलं. खालचे थर भरायला नंतर बरेच दिवस लागतात, पण बांध आधी बांधला जातो. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला हाच क्रम परवडतो. तुमच्या टाकीतला गोल्डफिश मात्र २८ अंशांच्या प्रयोगशाळेत राहत नाही. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चालतं, त्यामुळे थंडीत हेच काम हळू होतं. म्हणून हीटर चढवू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि कॉलमनॅरिस नावाचा रोग करणारा जीवाणू उबेत चांगलाच फोफावतो.

पण पेशींना कळतं कसं की शेजारी भोक पडलंय? न्यूयॉर्कमधल्या फिलिप नीटहॅमर यांच्या गटाने काही दिवसांच्या झेब्राफिश पिल्लांच्या शेपटीच्या पातळ पडद्यावर हे तपासलं. २०१३ आणि २०१४ मध्ये त्यांनी जे दाखवलं ते मला आजही फार सुंदर वाटतं. जखमेतून बाहेरचं पातळ पाणी आत शिरतं, कडेच्या पेशी फुगतात, आणि हे फुगणं हाच धोक्याचा संदेश ठरतो. त्यानेच पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, त्यानेच त्वचेच्या पेशी सरकायला लागतात. मग त्यांनी पिल्लांना शरीरातल्या द्रवाइतक्याच खाऱ्या पाण्यात ठेवलं. पाणी आत शिरायचं थांबलं, आणि संदेशही थंडावला. पांढऱ्या पेशी कमी आल्या, जखम मिटणं मंदावलं.

आता मिठाचा प्रश्न पुन्हा वाचा. मीठ घालायचं कारण असं सांगितलं जातं की बाहेर-आतला फरक कमी होतो आणि माशाचे कष्ट वाचतात. हा प्रयोग म्हणतो की तोच फरक जखमेची घंटा वाजवतो. मग मीठ चांगलं की वाईट?

असा पेच आला की घाईने बाजू घेऊ नका, आधी आकडेमोड करा. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीत २५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ४५ लिटर. खडी आणि दगडांची जागा वजा केली तर ४० धरू. छंदिष्ट लोक लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ वापरतात. मधला आकडा २ घेतला तर टाकीत ८० ग्रॅम. लिटरला २ ग्रॅम म्हणजे सुमारे ३४ मिलिमोल, आणि मिठाचे दोन आयन होतात म्हणून जवळपास ६८ मिलीऑस्मोल. माशाचं रक्त २८० धरलं तर फरक २८० वरून २१२ वर आला. म्हणजे पाव भाग कमी झाला, तीन चतुर्थांश तसाच राहिला. नीटहॅमर यांच्या प्रयोगात तो जवळजवळ पुसून टाकला होता. तेव्हा त्या प्रयोगावरून "टाकीत मीठ घालाल तर जखम भरणार नाही" असं म्हणता येत नाही. शिवाय तिथे काही दिवसांचं पिल्लू होतं आणि शेपटीचा पडदा होता. इथे प्रौढ गोल्डफिशची कूस आहे. एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या वयावर, दुसऱ्या जातीवर, दुसऱ्या मात्रेवर तसाच उचलून ठेवता येत नाही, आणि मुलाखतीत परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

माझं मत विचाराल तर तीन-चार खवल्यांसाठी मी मीठ घालत नाही. जखम मोठी असेल, मासा मलूल असेल, तर वेगळ्या डब्यात लिटरला १ ते २ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं. मुख्य टाकीत झाडं असतील तर त्यातली काही मिठाने जळतात. आणि ज्यांनी आधीच मीठ घातलंय त्यांच्यासाठी: मीठ उडून जात नाही. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तर वर साधं पाणीच घालायचं. १० लिटर पाणी बदललं तर फक्त त्या १० लिटरपुरतं मीठ, २० ग्रॅम. दर वेळी पूर्ण ८० ग्रॅम ओतणारे लोक मला माहीत आहेत.

"पण आमच्याकडे मिठाने फरक पडला"

पडला असेल. प्रश्न आहे कशामुळे. एक शक्यता अशी की जखम तशीही भरणारच होती. एक दिवसात झाकली जाणारी जखम आणि त्याच दिवशी घातलेलं औषध, यात श्रेय नेहमी औषधाला मिळतं. दुसरी शक्यता, मीठ घालताना पाणीही बदललं होतं.

तिसरी शक्यता मला सगळ्यात आवडते. नव्या टाकीत बऱ्याचदा नायट्राइट साचलेलं असतं. ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटवतं, रक्त तपकिरी होतं. मिठातला क्लोराइड आयन कल्ल्यांच्या त्याच वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करतो, त्यामुळे नायट्राइट आत कमी जातं. हा परिणाम मत्स्यपालनात चांगला माहीत आहे आणि त्यासाठी मीठ फार थोडं पुरतं. आता बघा काय झालं: मासा नायट्राइटने गुदमरत होता, म्हणून धडपडला, म्हणून दगडाला घासला. मालकाला दिसलं खरचटणं. त्याने मीठ घातलं, मासा तरतरीत झाला. मिठाने खरंच उपकार केले, पण जखमेवर नाही. त्याने पाणी तपासलं असतं तर त्याला खरा आजार सापडला असता. नाही तपासलं, म्हणून पुढच्या वेळी तो पुन्हा खवलेच मोजत बसेल.

एका टाकीत, एका माशावर, तुलनेसाठी काही न ठेवता यातलं काहीच वेगळं करता येत नाही. आणि म्हणून घरी मुद्दाम जखमा करून "प्रयोग" करण्याचा विचारही मनात आणू नका. संस्थेत असं काम करायचं तर प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ती तशीच असली पाहिजे. घरी आपण करू शकतो ते निरीक्षण, पण ते नीट करता येतं.

रोज एकाच वेळी, खाणं घालायच्या आधी, फ्लॅश बंद ठेवून, मासा काचेला समांतर असताना कुशीचा फोटो काढा. जखम किती मोठी हे फोटोवरून कसं कळणार? पट्टी पाण्यात धरायची गरज नाही. माशाचा डोळा आहे ना. दहा दिवसांत डोळ्याचा व्यास बदलत नाही, म्हणून तीच तुमची पट्टी. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर वापरून जखमेचं क्षेत्रफळ मोजा आणि डोळ्याच्या क्षेत्रफळाने भागा. आलेख उतरता असेल तर हात खिशात ठेवा. सोबत कल्ल्यांची झाकणं मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजा आणि त्याच टाकीतल्या त्याच जातीच्या निरोगी माशाशी ताडून बघा. मोजताना कोणता मासा जखमी हे ज्याला माहीत नाही अशा घरातल्या कुणाला मोजायला लावलंत तर उत्तमच. लहान भावंडं यासाठी फार प्रामाणिक असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेवर पांढुरका, धूसर थर दिसतो आणि पुन्हा फोन येतात: बुरशी आली. सपाट, अंगाला चिकटलेला, कडा स्पष्ट नसलेला थर बहुधा नवी त्वचा आणि श्लेष्मच असतो. कापसासारखे तंतू पाण्यात बाहेर उभे राहिले असतील तर मात्र सॅप्रोलेग्नियाचा संशय घ्या. त्याला सगळे बुरशी म्हणतात, पण तो खऱ्या बुरशीचा नातलग नाही, त्याचं कूळ तपकिरी शैवालांच्या जवळचं. कॉलमनॅरिसही कापसासारखा दिसतो आणि तो तर जीवाणू आहे. नुसत्या डोळ्याने हे वेगळं करणं कठीण, सूक्ष्मदर्शकाखाली सोपं. म्हणूनच "कापूस दिसला की निळं औषध" हे सूत्र कधी लागू पडतं आणि कधी नाही. जखमेची कड लाल होऊन पसरत असेल, खवले अंगापासून उभे राहत असतील, मासा दोन दिवस खात नसेल, तर निरीक्षण थांबवून मदत घ्या.

गोल्डफिशमध्ये भरत आलेल्या जागी कधी काळपट डाग येतो. तो बहुधा रंगद्रव्याचा असतो, हळूहळू फिका होतो.

खवला परत येतो. त्या खिशात नवा खवला बनतो, आणि मासा जवळजवळ पूर्ण आकाराचा असल्याने तोही भराभर पूर्ण आकार गाठतो. त्यामुळे त्याच्या मधोमध, जिथे लहानपणीची वर्तुळं असायला हवीत, तिथे कोरी जागा राहते. मत्स्यशास्त्रात खवल्यांवरच्या वर्तुळांवरून माशाचं वय काढतात, झाडाच्या खोडावरून काढतात तसं. मध्य कोरा असलेला खवला भिंगाखाली आला की तो बाजूला ठेवायचा आणि त्याच माशाचा दुसरा घ्यायचा, हे वयमापन शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात.